धिक्कार कुणाचा, ठपका कुणावर?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून) : मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा चिटणीस आहे. आमच्या कार्याध्यक्षांनी दिवाळीच्या साफसफाईत मागच्या खोलीतली बांधीव मासिके आणि जुने दिवाळी अंक रद्दीत घातले. कार्यकारिणीचा ठराव नव्हता. आलेले पैसे ग्रंथालयाच्या खात्यात जमा आहेत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण काही खंड आता कुठेच मिळणार नाहीत. दोन रविवार गाठोडी बाहेर जात होती, कार्यकारिणीतल्या दोघांनी ती पाहिलीही होती, असो. सभासद खवळले आहेत. विशेष सभा बोलावली आहे आणि एका तरुण सभासदाने मसुदा दिला आहे : ‘कार्याध्यक्ष श्री. अमुक यांचा ही सभा तीव्र शब्दांत त्रिवार धिक्कार करते.’ भाषा तपासायचे काम माझ्याकडे आले. कार्याध्यक्षांनी मला शाळेत मराठी शिकवले आहे. मी ‘धिक्कार’ खोडून ‘निषेध’ लिहिले, तर तरुण मंडळी म्हणाली, तुमचे सर म्हणून मवाळ केलेत. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात ‘निंदाव्यंजक ठराव’ म्हणा, दुसरे म्हणतात ताशेरे ओढा. या शब्दांत खरोखर फरक आहे, की घसा किती ताणायचा एवढाच प्रश्न आहे? आणि मी लिहू काय?
— एक चिटणीस

चिटणीससाहेब, नमस्कार.

फरक आहे, आणि तो आवाजाच्या पट्टीचा नाही. नापसंती हळू, निषेध जरा मोठ्याने आणि धिक्कार अगदी बेंबीच्या देठापासून, असा एक तक्ता मनात धरून आपल्याकडे ठराव लिहिले जातात. घोळ तिथेच होतो. कोण बोलतो आहे, कुणाला बोलतो आहे आणि बोलून झाल्यावर त्या माणसाचे काय करायचे आहे, यावर शब्द ठरतो. तुमच्या गावात एकाच माणसासाठी चार शब्द सुचवले गेले, कारण या तीन प्रश्नांवर तुमच्या सभासदांचे एकमत नाही. ते शब्दांवर भांडताहेत असे वाटते, पण भांडण वेगळेच आहे.

तुम्ही घातलेल्या ‘निषेधा’पासून सुरुवात करतो. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. हिंदीत हा अर्थ अजून चालू आहे, म्हणून उत्तरेकडे पाटीवर ‘प्रवेश निषेध’ दिसते. मराठीतही ‘विधिनिषेध’ आणि ‘निषिद्ध’ या शब्दांत तो शाबूत आहे. ‘त्याला कशाचाच विधिनिषेध नाही’ असे आपण म्हणतो. पण सुटा ‘निषेध’ मराठीत आला आणि त्याचा कल पालटला. मनाई करण्याचा अधिकार ज्याच्या हातात नाही, तो मराठीत निषेध करतो. कर्मचारी काळ्या फिती लावून कामावर येतात, विरोधी बाकांवरचे सदस्य सभात्याग करतात, गावकरी तहसीलदारांना निवेदन देऊन निषेध नोंदवतात. ‘नोंदवतात’ हे क्रियापदच बघा. थांबवता येत नाही म्हणून निदान नोंद तरी होऊ दे, असा तो सूर आहे.

उलट बाजूने तपासा. पोराने कपबशी फोडली तर आई निषेध नोंदवत नाही. मुख्याध्यापक उशिरा येणाऱ्या शिक्षकाचा निषेध करत नाहीत, त्याच्याकडून खुलासा मागवतात. ज्याच्या हाती विचारण्याचा अधिकार आहे त्याने निषेध केला, तर त्याने आपणहून अधिकार सोडला असा अर्थ होतो. तुमची सर्वसाधारण सभा कार्याध्यक्षांच्या खाली नाही, वर आहे. तिने निवडलेल्या कार्यकारिणीतून ते त्या खुर्चीवर आले. त्यामुळे ‘निषेध’ खोडला जावा असे मलाही वाटते. पण तो मवाळ म्हणून नव्हे. सभेला हात नाहीत असे त्यातून दिसते, म्हणून.

‘निंदाव्यंजक’ परिभाषाकोशात शोभतो, आणि कोशातच राहू द्या. मराठी माणसाला ‘निंदा’ म्हटले की पाठीमागे चाललेली कुजबुज आठवते : परनिंदा, निंदानालस्ती, ‘निंदकाचे घर असावे शेजारी’. हिंदी बातम्यांतली ‘कडी निंदा’ अलीकडे मराठी वाहिन्यांवरही पाय पसरते आहे, पण आपल्या भाषेत निंदा समोरासमोर होत नाही. तुमच्या ज्येष्ठ सभासदांनी संसदेच्या कामकाजातून तो शब्द उचलला असावा. मग तिथली एक रीतही उचलायला हवी. अविश्वास प्रस्तावाला कारणे द्यावी लागत नाहीत. निंदेच्या प्रस्तावात मात्र कशाबद्दल ते स्पष्ट मांडावे लागते. तुमच्या तरुण मित्राचा मसुदा काढून पाहा. त्यात ‘तीव्र’ आहे, ‘त्रिवार’ आहे. सरांनी नेमके काय केले ते मात्र नाही. वीस वर्षांनी इतिवृत्त चाळणाऱ्याला कळणार नाही की या गृहस्थांनी मासिके विकली की ग्रंथालयाची इमारत.

‘तीव्र शब्दांत’ हा प्रयोग मला नेहमी गमतीचा वाटतो. ठरावात तीव्र शब्द एकही नसतो. शब्द तीव्र आहेत अशी सूचना तेवढी असते. ज्यांना खरोखर तीव्र लिहायचे होते त्यांनी ही सूचना कधी दिली नाही. १८९७ साली रँडच्या खुनानंतर सरकारने पुण्यावर डोळे वटारले, तेव्हा ‘केसरी’ने विचारले होते : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या वाक्यात निषेध, धिक्कार, तीव्र, जाहीर यांतले काहीही नाही. एक साधा प्रश्न आहे. सव्वाशे वर्षे उलटली तरी तो लोकांना तोंडपाठ आहे, आणि त्या वर्षांतले किती ‘तीव्र निषेधाचे’ ठराव तुम्हाला-मला आठवतात?

आता ताशेरे. हा शब्द जवळपास नेहमीच अनेकवचनात येतो आणि सोबत ‘ओढणे’ किंवा ‘झाडणे’ घेऊन येतो. शेरा चांगला असू शकतो, वाईट असू शकतो, प्रगतिपुस्तकात ‘ठीक’ इतकाही असू शकतो. ताशेरे चांगले कधीच नसतात. ते ओढतात न्यायालये, चौकशी समित्या, लेखापरीक्षक. म्हणजे जो त्या भांडणात पक्षकार नाही, कागद तपासायला बसला आहे आणि तपासता तपासता कुणाच्या वागण्यावर बोलतो, तो. तुमची सभा तपासनीस नाही. तिचीच मासिके गेली आहेत. फिर्यादीने ताशेरे ओढायचे नसतात.

पण ताशेऱ्यांवरून एक जुना खटला आठवला, तो तुमच्या कामाचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी एका निकालात लिहिले की, गुन्ह्यांच्या बाबतीत भारतीय पोलीस नावाच्या संघटित दलाच्या जवळपास येईल अशी दुसरी बेकायदा टोळी देशात नाही. (मुल्ला उर्दूतले नावाजलेले कवीही होते, वाक्य चढले कसे याचा थोडा उलगडा त्यातून होतो.) उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६३ साली, उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नईम या प्रकरणात, न्यायालयाने ती विधाने निकालातून काढून टाकली. काढताना तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. ज्याच्याबद्दल लिहिता तो समोर आहे का, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली का? त्याच्या वागण्याबद्दल असे बोलण्याजोगा पुरावा नोंदीवर आहे का? आणि प्रकरणाचा निकाल लावायला असे बोलणे गरजेचे आहे का? या कसोट्या न्यायाधीशांसाठी आहेत. तालुक्याच्या ग्रंथालयाला त्या बंधनकारक नाहीत. तरी सभेच्या आदल्या रात्री मसुदा समोर घेऊन हे तीन प्रश्न स्वतःला विचारून पाहा. पहिल्यावरच तुमची सभा अडेल. तुमच्या एवढ्या लांब पत्रात सरांचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे एका ओळीतही आलेले नाही.

राहिला धिक्कार. या शब्दावर मला जरा रेंगाळायचे आहे, कारण तो जितका जुना आहे तितकाच आज स्वस्त झाला आहे.

‘धिक्’ हे संस्कृतातले अव्यय. त्याच्यापुढे ज्याची शोभा करायची तो द्वितीयेत येतो. भर्तृहरीचा श्लोक तुम्हाला शाळेत असेल, कदाचित याच सरांनी म्हणून दाखवला असेल. जिचा मी ध्यास घेतो तिला मी नको, तिला दुसराच हवा, त्याला तिसरीच हवी, आणि मग तो सुप्रसिद्ध शेवट : ‘धिक् तां च तं च मदनं च इमां च मां च’. ती, तो, मदन, ही आणि मीसुद्धा. धिक्काराची यादी स्वतःपाशी येऊन संपते. वाल्मीकीच्या बालकांडात वसिष्ठांपुढे हरलेला विश्वामित्र म्हणतो, ‘धिग्बलं क्षत्रियबलम्’. तोही स्वतःच्याच बळाला लावलेला धिक्. तुकोबांच्या गाथेतले ‘धिग जिणें’ कुणा एका नावाच्या माणसावर नसते, जगण्याच्या एका तऱ्हेवर असते. म्हणजे मूळ वळण पाहिले तर धिक्कार स्वतःचा होतो, किंवा एखाद्या वृत्तीचा. नावगाव घालून शेजाऱ्याचा धिक्कार करायची आपली सवय बरीच मोर्च्यांतली आहे, जिथे ‘धिक्कार असो, धिक्कार असो’ या घोषणेला ताल चांगला येतो.

माणसाला धिक् म्हणण्याची प्रथा नव्हतीच असे मात्र नाही. ती होती, आणि तिला शिक्षा मानत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंडाचा क्रम आहे : आधी वाग्दंड, मग धिग्दंड, तिसरा धनदंड आणि त्यापुढे वधदंड. म्हणजे ‘हे तू बरे केले नाहीस’ असे सुनावणे वेगळे आणि ‘धिक्’ म्हणणे वेगळे, आणि धिक्कारानंतरची पायरी थेट दंड भरण्याची. जैन परंपरेतले वर्णन मला याहून सूक्ष्म वाटते. कुलकरांच्या, म्हणजे समाजाला पहिली घडी घालून देणाऱ्या आदिपुरुषांच्या, काळात तीनच शिक्षा होत्या, असे त्यांचे ग्रंथ सांगतात : हाकार, माकार आणि धिक्कार. आरंभीच्या लोकांना ‘हा!’ एवढे पुरे. अरेरे, हे काय केलेस, इतक्याने माणूस वरमायचा. पुढे तेवढ्याने भागेना, तेव्हा ‘मा’ आला, पुन्हा करू नकोस. तेही पुरेना, तेव्हा धिक्. कुठल्या कुलकराच्या वेळी कुठली शिक्षा होती याचा तपशील पंथापंथांत बदलतो, पण चढता क्रम तोच राहतो. तुमच्या सभेने सरांना ‘हा’ म्हटले का? ‘मा’ म्हटले का? तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. एकदम तिसरी शिक्षा काढली आहे.

मनुस्मृतीचे नाव घेतले की महाराष्ट्रात दुसरीही तारीख आठवते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे जाहीर दहन झाले. त्याचा ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. धिक्कार हा शब्द पूर्ण अर्थाने कुठे शोभतो, असे मला कुणी विचारले तर मी ही जागा दाखवीन. माणसांना जन्मावरून हीन ठरवणारी एक व्यवस्था समोर आहे, तिच्याशी पुन्हा जुळवून घ्यायचे नाही, तिच्याकडून खुलासाही मागवायचा नाही. नाते तोडायचे आहे, आणि ते चारचौघांत तोडायचे आहे. धिक्कारानंतर माघारीचा रस्ता नसतो. मराठीतले ‘धिक्कारणे’ हे क्रियापदही हेच सांगते. देणगी धिक्कारली म्हणजे ती परत केली, पुन्हा हात लावला नाही.

आता या मोजाने रद्दीत गेलेली मासिके मोजा. वाईट झाले, फार वाईट झाले. मी स्वतः जुन्या मासिकांत रमणारा माणूस आहे, माझा जीवही हळहळला. पण सरांशी ग्रंथालयाचे नाते कायमचे तोडायचे आहे का? तसे असेल तर धिक्कार लिहा, आणि मग त्याच ठरावात त्यांना सभासद म्हणून कमी करण्याची घटनेप्रमाणे जी कार्यवाही असेल तीही लिहा. नसेल, म्हणजे उद्या सर संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणार असतील आणि तरुण मंडळी त्यांना पाहून खुर्ची सरकवून देणार असतील (देतीलच, तुमचे गाव मला माहीत नाही पण अशी गावे माहीत आहेत), तर हा शब्द खोटा आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही ‘असो’ म्हणून उरकली. कार्यकारिणीतल्या दोघांनी गाठोडी जाताना पाहिली होती. पहिल्या रविवारी पाहिली असतील तर दुसरा रविवार त्यांच्याही खात्यावर आहे. धिक्कारात एक सोय असते : सगळे बोट एका माणसाकडे जाते आणि हात वर करणारे आपोआप निर्दोष ठरतात. माझा संशय असा, की मसुद्यातला ‘त्रिवार’ तिथून आला आहे. जो शब्द जबाबदारीचा हिशेब मागेल तो आणखी दोघांच्या दारात जाईल, म्हणून नुसता संताप मागणारा शब्द बरा पडला.

तो हिशेब मागणारा शब्द मराठीत आहे, रोजच्या वापरात आहे, आणि तुमच्यापैकी कुणालाच तो सुचला नाही याचे मला नवल वाटते. ठपका.

ठपका ठेवतात. तो कशाबद्दल तरी ठेवतात आणि कुणावर तरी ठेवतात. ही दोन्ही ठिकाणे भरल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘अमुक यांचा धिक्कार’ हे वाक्य कारणाशिवाय उभे राहते, ‘अमुक यांच्यावर ठपका’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कशाचा? तरुण मंडळींना हा शब्द मवाळ वाटला, तर त्यांना सरकारी नोकरीतल्या कुणाला तरी विचारायला सांगा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये शिक्षांची यादी आहे. किरकोळ शिक्षांत पहिलीच ‘ठपका ठेवणे’ आहे, आणि तिच्या पाठोपाठ बढती रोखणे, नुकसानीची वेतनातून वसुली, वेतनवाढ रोखणे ही मंडळी बसली आहेत. किरकोळ म्हणतात खरे, पण ती शिक्षा असते. कर्मचाऱ्याला आरोप कळवून त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय ती देता येत नाही. ‘ताकीद’ किंवा ‘समज’ त्या यादीत नाही. म्हणून साहेबाने खोलीत बोलावून कितीही खरडपट्टी काढली, बिनपाण्याने केली, तरी कर्मचारी बाहेर येऊन चहा पितो. आणि ठपक्याचा एक साधा कागद आला की त्याची झोप उडते. तुमचे सर ग्रंथालयाचे नोकर नाहीत, हे नियम त्यांना लागू नाहीत. मी फक्त शब्दाचे वजन दाखवतो आहे.

कायद्याच्या अंगाने एक वाक्य, तुम्ही चिटणीस आहात म्हणून. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचे अपवाद दिले आहेत. एखाद्यावर ज्याचा कायदेशीर अधिकार चालतो, त्याने त्या अधिकाराच्या कक्षेतल्या वागण्याबद्दल सद्भावनेने ठेवलेला ठपका, हा त्यांतलाच एक. ‘त्रिवार धिक्कार’ छापून चौकातल्या फलकावर लावला तर त्याला हे छत्र मिळेलच असे नाही. गावातल्या एखाद्या वकील सभासदाला मसुदा दाखवून घ्या.

मग लिहायचे काय? मी असे लिहीन :

‘ग्रंथालयाच्या संग्रहातील बांधीव मासिके व दिवाळी अंक (यादी सोबत जोडली आहे) कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय रद्दीत विकले गेले. या प्रकाराबद्दल ही सभा तीव्र नापसंती नोंदवते. विक्रीचा निर्णय एकट्याने घेतल्याबद्दल सभा कार्याध्यक्षांवर ठपका ठेवते. संग्रह बाहेर जात असल्याचे दिसूनही ते थांबवले नाही, याबद्दल कार्यकारिणीच्या संबंधित सदस्यांना समज देण्यात येत आहे. कार्याध्यक्षांचा लेखी खुलासा सभेत वाचण्यात आला व तो इतिवृत्तास जोडला आहे. यापुढे कोणतेही पुस्तक वा नियतकालिक बाद करताना दाखल नोंदवहीतील क्रमांकासह यादी कार्यकारिणीपुढे ठेवून लेखी मंजुरी घ्यावी.’

‘तीव्र’ हा शब्द मी एकदा ठेवला आहे, तुमच्या तरुण मित्राच्या समाधानासाठी. बाकी ‘श्री. अमुक’ काढून पदनाम घातले ते मुद्दाम. निर्णय त्या खुर्चीने घेतला. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा त्या ठरावाशी संबंध नाही. सहा विधाने आहेत, त्यांतले ठपक्याचे एकच. शेवटचे विधान मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, आणि सभेत त्यावर कुणी बोलणार नाही अशी मला खात्री आहे, कारण त्यात रंगत नाही.

‘संबंधित सदस्य’ या शब्दांवर मात्र आरडाओरड होईल. ते वाक्य गाळा असा दबाव येईल. गाळायचेच ठरले तर ते सभेत मतदानाने गाळू द्या, मसुद्यातून तुम्ही होऊन नको.

सर तुमचे, म्हणून तुम्ही मवाळ केलेत, या आरोपाला उत्तर देत बसू नका. तुमच्या गावात पन्नाशीच्या आतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवले असेल. धिक्काराचा मसुदा लिहिणाऱ्यालाही, त्याचे शुद्धलेखन पाहता, बहुधा त्यांनीच. सभेच्या सुरुवातीला एकदा सांगून टाका की मी त्यांचा विद्यार्थी आहे, मसुदा मी लिहिला आहे, दुरुस्त्या मांडा. आणि ठरावाला सूचक म्हणून त्या तरुणाचे नाव घ्या. त्याने मांडलेला ठपका कुणी मवाळ म्हणणार नाही.

सभेच्या आधी सरांच्या घरी मात्र जाऊन या. विषयपत्रिका टपालाने पाठवून मोकळे होऊ नका. मसुदा हातात द्या, लेखी खुलासा मागा, आणि तुम्हाला स्वतःला जे म्हणायचे आहे ते तिथे म्हणा. ‘सर, हे विचारून करायला हवं होतं’, इतकेच. त्यांनी चिडून काही सुनावले तर ऐकून घ्या. कदाचित ते सांगतील की त्या खोलीत वाळवी लागली होती, की कपाटे हलवा म्हणून कार्यकारिणीला दोनदा पत्र दिले होते. तसे असेल तर ठपक्याचे वाक्य बदलावे लागेल आणि आणखी एक-दोन नावे मसुद्यात येतील. तसे नसेल तर ठराव आहे तसा राहील. पण हे सभेच्या आधी कळलेले बरे.

ठराव संमत झाल्यावर तो वार्ताहराला नेऊन देण्याची घाई कुणी करू नये, हे कार्यकारिणीत आधीच ठरवून घ्या. ग्रंथालयाची गोष्ट सभासदांना कळायला हवी, ती त्यांना इतिवृत्तातून कळेल.

शेवटी, तुम्ही लिहिता की काही खंड ‘आता कुठेच मिळणार नाहीत’. हे कुणी पाहिले आहे का? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून. दोन्हीकडे आपली यादी पाठवून विचारा, जुन्या नियतकालिकांचे खंड तिथे असण्याचा संभव आहे. मूळ प्रत गेली ती गेली, पण पानांच्या प्रती मिळू शकतील. त्याहूनही आधी त्या रद्दीवाल्याकडे जा. जुने दिवाळी अंक विकत घेणारे लोक असतात हे रद्दीवाल्यांना चांगले ठाऊक असते, आणि बांधीव खंड त्यांतले बरेच जण बाजूला काढून ठेवतात. धिक्काराचा मसुदा लिहिणाऱ्या तरुणाला सोबत घ्या, यादी त्याच्या हातात द्या. सभेची तारीख तुम्ही कळवली नाहीत. पण रद्दी मोठ्या गोदामाकडे जायला सभेची नोटीस लागत नाही, तेव्हा उद्याच जा.